उडत्या विमानात धूर निघाला तर: कॉकपिटात काय करतात अन् मागं बसलेल्यानं काय करायचं

दुपारच्या वेळी वावरात उभं राहून वर पाहा, पांढरी रेघ ओढत एखादं विमान जातच असते. दिल्लीहून चेन्नईले जाणारं असो की मुंबईहून कोलकात्याले, लय विमानांचा रस्ता आपल्या विदर्भावरूनच आहे. त्यातल्या एखाद्यात वर काही बिघडलं, कोणी पॅसेंजर सिरीयस झाला नाहीतर कॉकपिटात जळका वास आला, तर ते बरेचदा नागपूरलाच उतरवतात, कारण आजूबाजूला मोठा विमानतळ तोच. पेपरात दोन ओळी येतात, इमर्जन्सी लँडिंग, प्रवासी सुखरूप, अन् मग गावात पारावर चर्चा सुरू होते की पायलटनं खिडकी उघडून धूर बाहेर काढला असंल म्हणून. खिडकीचं पुढं सांगतो, ते अगदीच खोटं नाही.

मी विमानाच्या मेन्टेनन्समधला माणूस, हवेच्या अन् एसीच्या सिस्टीमवर जास्त काम केलेलं. गावी आलो की विचारणारे दोन प्रकारचे भेटतात. एक म्हणजे गोंदियाले बिरसीच्या फ्लाइंग ट्रेनिंगमध्ये गेलेली नाहीतर जायचं म्हणणारी पोरं. दुसरे म्हणजे नागपूरहून नाहीतर आता अमरावतीच्या बेलोरा विमानतळाहून पहिल्यांदा विमानात बसणारे काका-काकू. दोघांसाठी मिळून हे लिहून राहिलो. पायलट होणाऱ्या पोरांनो, तुमच्या विमानाची चेकलिस्ट अन् तुमचा इन्स्ट्रक्टर सांगतो तेच फायनल, विमानागणिक बटनं बदलतात, हे फक्त क्रम डोक्यात बसावा म्हणून आहे.

क्रम असा: आधी मास्क, मग विमानाचं तोंड जवळच्या विमानतळाकडे, अन् मग कारण शोधायचं. माणूस नेमकं उलटं करतो, वास आला की आधी हा कशाचा, कुठून येऊन राहिला, म्हणून शोधत बसतो, तेवढ्यात हातातली मिनिटं जातात.

आत येणारी हवा कुठली असते

३५ हजार फुटावर हवा इतकी पातळ असते की मास्क नसंल तर अर्ध्या-एक मिनिटात माणसाचं डोकं काम करणं सोडते. म्हणून बाहेरची हवा दाबून आत भरावी लागते. एअरबस ए३२० नाहीतर बोइंग ७३७ घ्या, तिथं हे काम इंजिनच करते. इंजिनच्या कॉम्प्रेसरमधून, म्हणजे इंधन जळायच्या अलीकडच्या भागातून, गरम दाबलेली हवा पाईपनं काढून घेतात, तिले ब्लीड एअर म्हणतात. ती विमानाच्या पोटातल्या एसी पॅकमध्ये थंड होते अन् मग कॉकपिटात अन् केबिनमध्ये येते. शेपटीत एपीयू नावाचं छोटं इंजिन असते, जमिनीवर उभं असताना बहुतेक त्याचीच हवा वापरतात. बोइंग ७८७ मध्ये मात्र इंजिनची हवा घेतच नाहीत, वेगळे इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर आहेत.

केबिनमधली जवळपास अर्धी हवा फिल्टरमधून गाळून परत फिरवतात. ती हेपा फिल्टर धूळ अन् जंतू चांगले अडवते, पण ऑईलची वाफ तिच्यातून आरामात निघून जाते. म्हणून इंजिनच्या आत कुठं सील गळलं, नाहीतर कोणी ऑईल प्रमाणाबाहेर भरलं, की त्याचा वास सरळ पायलटच्या नाकात. ऑईल भरायचंही एक शास्त्र आहे. इंजिन बंद केल्यावर ठराविक वेळातच लेव्हल पाहायची असते. लय उशिरा पाहिली तर टाकीत कमी दिसते, माणूस अजून ओततो, अन् जास्तीचं ऑईल पुढच्या उड्डाणात भलत्याच जागी जाते. एपीयूचं तर हे नेहमीचंच दुखणं.

कोणता वास म्हणजे काय

वायर जळाल्याचा वास आपल्या शेतकऱ्याले शिकवायची गरज नाही. व्होल्टेज कमी-जास्त होऊन मोटरपंपाचं वाइंडिंग जळते तेव्हा जो नाकात झोंबणारा वास येते ना, तोच. विमानात तो आला की सगळ्यात गंभीर समजायचं, कारण वायरी भिंतीच्या अन् छताच्या मागं असतात, आग कुठं लागली ते दिसतच नाही.

ओल्या, घामट मोज्यांचा वास आला तर बहुतेक वेळा इंजिनचं नाहीतर एपीयूचं ऑईल. तिखट, डोळे चुरचुरवणारा वास हायड्रोलिकच्या तेलाचा असू शकते. जळलेल्या पिसांचा नाहीतर भाजलेल्या मांसाचा वास म्हणजे इंजिनात पक्षी गेला. इंजिन सुरू करताना घासलेटासारखा वास आला अन् दोन मिनिटात गेला तर तो मागून वारा असल्यामुळे स्वतःचाच धूर परत आत ओढल्याचा, त्याची चिंता नाही. बरेचदा तर ओव्हनमध्ये सांडलेलं जेवण जळत असते, बाकी काही नाही.

अजून एक आपल्याकडचं. उन्हाळ्यात पऱ्हाटी, तुराट्या, धसकटं पेटवतात, त्या दिवसात विमान उतरायले खाली आलं की बाहेरचा धूर इंजिनातून थोडाफार आत येऊ शकते. विमानातलं काहीच जळत नसते. पण पायलटनं हे गृहीत धरून बसायचं नाही, खाली धूर डोळ्यानं दिसला, कंट्रोल टॉवरकडून पक्कं झालं, तरच मानायचं.

अन् पावसाळ्यात नागपूरले विमानात बसलं की छताजवळून पांढरा धूर निघताना दिसते, लोक घाबरतात, कोणी तर उठून उभंच राहते. ते धुकं असते बाप्पा. बाहेरची दमट हवा एसीत एकदम गार झाली की पाण्याचे बारीक थेंब होतात. त्याले वास नसते, डोळ्याले झोंबत नाही अन् थोडं खाली येईपर्यंत विरून जाते. वास नाही, झोंबणं नाही, तर गप बसा.

कॉकपिटात काय करायचं

पायलटच्या खुर्चीच्या बाजूले एक डबा असते, त्याच्या झाकणातून मास्कचे दोन लाल कान बाहेर आलेले दिसतात. ते चिमटीत दाबून मास्क ओढला की मागचे रबरी पट्टे हवा भरून टम्म फुगतात, मोठा घेर होते, तो चष्म्यासकट डोक्यावरून टाकायचा अन् चिमूट सोडायची, पट्टे आवळून मास्क तोंडावर घट्ट बसते. एका हातानं, पाच सेकंदात हे जमलं पायजे असा नियमच आहे. आम्ही हे मास्क तपासतो तेव्हा मजा म्हणून बाहेरच्या कोणाले घालायले दिलं तर त्याले पहिल्यांदा तो फुसकारा ऐकूनच धडकी भरते. म्हणून पोरांनो, सिम्युलेटरमध्ये चान्स भेटला की हे हातात बसेपर्यंत करून घ्या.

मास्क घातला म्हणजे झालं असं नाही. एरवी तो केबिनच्या हवेत ऑक्सिजन मिसळून देतो, धुरात ते काय कामाचं, तोच धूर नाकात जाईल. म्हणून नॉब १०० टक्क्यावर पायजे, अन् धूर असंल तर इमर्जन्सीवर, म्हणजे ऑक्सिजन आतून दाबानं येते अन् मास्कच्या कडेतून धूर आत घुसायच्या ऐवजी बाहेर ढकलल्या जाते. काही मास्कले डोळ्याची काच जोडलेलीच असते, नसंल तर गॉगल वेगळा घालायचा. मग माईक मास्कवर घेऊन दोघांनी एकमेकाले ऐकू येऊन राहिलं का ते विचारायचं. श्वासाचा आवाज कानात भरलेला, समोरच्याचं अर्धं ऐकू येत नाही, त्यातच चेकलिस्ट वाचायची असते. जितके कमी शब्द तितकं चांगलं.

अन् एक, वास कमी झाल्यासारखा वाटला म्हणून मास्क काढायचा नाही. नाक काही मिनिटात वासाले सरावते, वास गेला असं वाटते, हवा तशीच असते. कार्बन मोनॉक्साईडले तर वासच नसते.

आता दुसरी गोष्ट. एकानं विमान उडवायचं, शक्यतो ऑटोपायलट लावून, अन् दुसऱ्यानं चेकलिस्ट. दोघांनीही मान वळवून धूर शोधायले लागायचं नाही. त्याच वेळी जवळचा विमानतळ ठरवायचा अन् तिकडे वळायचं. कंट्रोलले तीन वेळा मेडे म्हणायचं, म्हणजे जीव धोक्यात आहे, मदत करा; ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे रडारले विमानाची ओळख सांगणाऱ्या यंत्रावर, इमर्जन्सीचा ७७०० आकडा टाकायचा, कारण सांगायचं, धूर. मेडे म्हणायले कमीपणा वाटून घेणारे लोक आहेत. नंतर किरकोळ निघालं तर मेडे रद्द करता येते, फायर ब्रिगेडची गाडी परत जाते, कोणाचं काही बिघडत नाही. ३५ हजार फुटावरून कितीही घाई केली तरी चाकं टेकेपर्यंत १५ मिनिटाच्या आसपास लागतातच, म्हणून खाली यायले सुरुवात लवकर झाली पायजे.

हे एवढं काहून सांगून राहिलो, तर २ सप्टेंबर १९९८ ची स्विसएअर १११ ची केस. न्यूयॉर्कहून जिनिव्हाले निघालेलं एमडी-११ विमान. उडाल्यावर तासाभराच्या आत कॉकपिटात वास आला, पायलटले वाटलं एसीचा असंल. पहिल्या वासापासून विमान कॅनडाच्या नोव्हा स्कोशियाजवळ समुद्रात पडेपर्यंत २१ मिनिटं. २२९ जण गेले, एकही वाचला नाही. छताच्या आत वायरींमध्ये ठिणगी पडून वरचं इन्सुलेशनचं आवरण पेटलं होतं, जे तेव्हाच्या टेस्टमध्ये पास झालेलं होतं. कॅनडाच्या तपास मंडळानं हेही लिहिलं की आग इतक्या वेगानं पसरली की लगेच सरळ जवळच्या हॅलिफॅक्स विमानतळाकडे निघाले असते तरी सुखरूप उतरणं जमलं नसतं. म्हणजे पायलटवर सगळं ढकलून मोकळं होता येत नाही. पण त्यानंतर जगभरच्या चेकलिस्ट बदलल्या, आधी लांबलचक ट्रबलशूटिंग अन् मग उतरायचा विचार, हे गेलं, आता पहिल्याच काही ओळीत डायव्हर्ट करायचं येते.

तिसरं काम म्हणजे पटकन बंद करता येणाऱ्या गोष्टी बंद करणं. हवा परत फिरवणारे पंखे बंद, म्हणजे धूर एका जागचा दुसऱ्या जागी जात नाही. गॅली, म्हणजे विमानातलं स्वयंपाकघर, अन् सीटवरच्या टीव्ही-चार्जिंगची वीज बंद. एवढ्यानंच लय वेळा वास थांबते. एसीतून येऊन राहिला असं वाटलं तर एपीयूची हवा बंद, मग एक पॅक बंद करून थोडं थांबून पाहायचं, मग तो चालू करून दुसरा. दोन्ही एकदम बंद करून मोकळे झाले तर कारण कळत नाही अन् वरून केबिनचं प्रेशर जाते. वायरचाच जळका वास असंल अन् काही केल्या थांबत नसंल तर विमानाची बहुतेक वीज तोडून अगदी कामापुरत्या यंत्रांवर उडवायची सोय असते, पण ते शेवटचं, कारण त्यात स्वतःच्याच सोयी जातात.

आग डोळ्यासमोर असंल, जसं की पायलटच्या टॅबलेटची बॅटरी फुगून पेटली, तर कॉकपिटातलं हॅलॉन नावाच्या आग विझवणाऱ्या वायूचं सिलिंडर मारायचं, मास्क घालूनच मारायचं, हॅलॉन बंद खोलीत स्वतःच त्रासदायक आहे. लिथियम बॅटरीत ज्वाळा विझली म्हणजे आग संपली असं नसते, आतले सेल एकामागून एक तापत राहतात, म्हणून नंतर वरून पाणी ओतून थंड करावं लागते. पाणी नसंल तर चहा-ज्यूस, काहीही चालते, दारू सोडून.

अन् आता खिडकी. धूर इतका झाला की समोरचे मीटर दिसेना, तर १० हजार फुटाच्या आसपास खाली यायचं, प्रेशर सोडून द्यायचं, वेग कमी करायचा, बाहेरची हवा सरळ आत घ्यायचा झडप उघडायचा, अन् तरीही भागलं नाही तर ए३२० सारख्या विमानात कॉकपिटची बाजूची खिडकी खरंच सरकवून उघडता येते. वर उंचावर आतल्या दाबामुळे ती हलतही नाही. पण धूर काढायच्या नादात आगीले ताजी हवा भेटू शकते, म्हणून आग विझली असं वाटते का, नाहीतर धुरामुळे विमान उडवणंच अशक्य झालं का, हे पाहूनच. काही विमानात फुगवायची एक पारदर्शक पिशवी ठेवतात, एक टोक काचेले अन् दुसरं मीटरले लावायचं, मधली हवा स्वच्छ, तिच्यातून पाहून उतरवता येते.

ही अतिशयोक्ती वाटत असंल तर यूपीएस ६ पाहा. ३ सप्टेंबर २०१०, दुबईहून निघालेलं मालवाहू ७४७, पोटात लिथियम बॅटऱ्यांचा माल. तो पेटला. कॅप्टनचा ऑक्सिजनच बंद पडला, तो खुर्चीतून उठला अन् परत आलाच नाही. को-पायलटले मीटर दिसेना, रेडिओची फ्रिक्वेन्सी बदलता येईना, दुसऱ्या विमानांनी निरोप इकडून तिकडे पोचवले, तरी तो एकटा दुबईपर्यंत परत आला, पण उतरवता आलं नाही. दोघंही गेले. दोहा जवळ होतं, पण ते माहीत असलेल्या दुबईकडे वळले होते. म्हणून जवळचा म्हणजे खरंच जवळचा.

वजन जास्त आहे म्हणून इंधन जाळत फिरायचं नाही. जास्त वजनानं उतरलं तर आम्ही लोक नंतर चाकं-पाय सगळं उघडून तपासतो, ते आमचं काम. अन् टेकलं की रनवेवरच थांबायचं, इंजिन बंद, दारं उघडायची. १९८० मध्ये रियाधले सौदियाचं विमान आग लागलेली असताना व्यवस्थित उतरलं होतं, पण लगेच थांबलं नाही, थांबल्यावरही दारं वेळेत उघडली नाहीत, ३०१ च्या ३०१ जण आतच मेले. उतरणं म्हणजे काम संपलं नाही, माणसं बाहेर काढणं म्हणजे संपलं.

धूर दिसत नाही, फक्त वास आहे, मग?

हा भाग लोक हलक्यात घेतात. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करता करता विषबाधा होऊन २० च्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, हे आपण कोणी विसरलो नाही. तेव्हा गावोगाव ऑर्गॅनोफॉस्फेट हा शब्द माहीत झाला. विमानाच्या इंजिन ऑईलमध्ये झीज होऊ नये म्हणून ट्रायक्रेसिल फॉस्फेट टाकतात, ते याच मोठ्या कुळातलं. प्रमाण फवारणीच्या मानानं लय कमी, अन् शरीरात ते कीटकनाशकासारखंच वागते असंही नाही, लांब पल्ल्याचे परिणाम किती यावर शास्त्रज्ञांचा वाद चालूच आहे. पण डोकं जड होणं, डोळे-घसा जळजळणं, चक्कर, जिभेवर धातूची चव, साधा हिशोब चुकणं, असं पायलटले झालं तर कारण काहीही असो, मास्क. दोन्ही पायलट एकदम कामातून जाऊ नयेत, एवढंच पाहायचं असते. दोघं एकमेकाले विचारत राहतात, कसं वाटून राहिलं, बोट किती, आज वार कोणता. ज्याले होऊन राहिलं त्यालेच कळत नाही, म्हणून समोरच्यानं सांगावं लागते.

मागं बसलेल्यानं काय करायचं

पहिलं अन् सगळ्यात मोठं, वास आला तर सांगा. आपल्या गावाकडचा माणूस पहिल्यांदा विमानात बसला की पाणी मागायलेही लाजते, बाजूचे कोट-टायवाले गप आहेत म्हणजे सगळं बरोबर असंल असं समजते. ते कोट-टायवालेही तेच समजून गप असतात. तुमच्या सीटखाली जळून राहिलं ते पायलटले कॉकपिटात बसून कळत नाही. डोक्यावरचं माणसाच्या चित्राचं बटन दाबा, मराठीत सांगा, हिंदीत सांगा, पण नेमकं सांगा: कितव्या रांगेत, वरून येऊन राहिला की खालून, वायर जळाल्यासारखा की तेलासारखा, कधीपासून. "काहीतरी वास येते" यापेक्षा "१४ नंबरच्या वरच्या कप्प्यातून वायर जळाल्याचा वास येते, आत्ताच सुरू झाला" हे ऐकून क्रू कप्पा उघडायच्या आधीच सिलिंडर घेऊन येते.

वरच्या कप्प्याचं मुद्दाम बोललो, कारण आता सगळ्यात जास्त भानगड पॉवर बँकेची. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात एअर बुसानचं विमान जमिनीवरच पेटलं, सुरुवात वरच्या सामानाच्या कप्प्यातून, संशय पॉवर बँकेवर, माणसं सगळी उतरली म्हणून वाचली. पॉवर बँक कधीच चेक-इन बॅगेत टाकायची नाही, सोबत ठेवायची अन् हाताशी ठेवायची. मर्यादा १०० वॉट-अवर, २० हजार एमएएचची साधारण ७४ वॉट-अवर होते, म्हणजे चालते. फुगलेली, पडून चेंदलेली, बाजारातून स्वस्तात घेतलेली बिनछापाची घरीच ठेवा. मोबाईल सीटच्या फटीत पडला तर सीट मागं-पुढं करून काढायले जाऊ नका, चेपला की पेटते, क्रूले बोलवा.

कापूर, काडीपेटी, लायटर, फटाके, कीटकनाशकाची बाटली (आणतात हो लोक, कृषी केंद्रात दाखवायले म्हणून) हे काहीच चालत नाही. प्रसादाचं कोरडं खोबरंही चेक-इनमध्ये काढून ठेवतात, त्यात तेल असते अन् ढिगात ते आपोआप तापू शकते. अन् खर्रा खा की घरी जाऊन खा, पण बिडी-सिगरेट संडासात ओढायची नाही. १९७३ मध्ये पॅरिसजवळ व्हारिगचं विमान संडासातल्या आगीमुळे शेतात उतरवावं लागलं, १२३ जण गेले, अन् विझली नसलेली सिगरेट कचऱ्यात टाकली असावी असाच निष्कर्ष निघाला.

धूर खरंच झाला तर छतातून पडणारा पिवळा मास्क ओढायले धावू नका. तो प्रेशर गेल्यावरचा आहे, त्यात केबिनचीच हवा मिसळते, म्हणजे धूरही. आग असंल तर क्रू तो मुद्दाम सोडतही नाही, ऑक्सिजननं आग भडकते. त्याऐवजी दुपट्टा, रुमाल, पदर, जे सुती असंल ते पाण्यात भिजवून नाकातोंडावर धरा अन् डोकं खाली घ्या, धूर वर जमतो. ओल्या कापडानं काजळी अन् काही तिखट वायू अडतात, कार्बन मोनॉक्साईड अडत नाही, तरी तेवढी मिनिटं कामी येतात. १९८३ मध्ये एअर कॅनडा ७९७ मध्ये क्रूनं असेच ओले टॉवेल वाटले होते, लोकांले पुढं सरकवून बसवलं होतं. विमान सिनसिनाटीले उतरलं, दारं उघडली अन् मिनिट-दीड मिनिटात आतला सगळा भाग पेटला. ४६ पैकी २३ वाचले. जमिनीलगतची ती दिव्यांची पट्टी, संडासातले धुराचे अलार्म, हे त्यानंतरच सगळीकडे सक्तीचे झाले.

त्या पट्टीच्याही आधी एक काम, बसल्या बसल्या करायचं. आपल्यापासून पुढचं अन् मागचं दार किती रांगा लांब आहे ते मोजून ठेवा. धुरात डोळे उघडत नाहीत, सीटच्या पाठी हातानं मोजत जाता येते. उडताना अन् उतरताना चपला-बूट पायात ठेवा, लांबचा प्रवास म्हणून काढून झोपू नका. कपडे सुती असले तर उत्तम, नायलॉन अंगाले वितळून चिकटते, एवढा कापूस पिकवतो आपण तर विमानात तरी घालावा.

बाहेर पडायची ऑर्डर आली तर बॅग घ्यायची नाही. लुगड्याची पेटी असो, लग्नाचे दागिने असो. विमान अर्ध्या दारांनी ९० सेकंदात रिकामं करता आलं पायजे अशी परीक्षा घेऊनच पास करतात, पण त्या परीक्षेत कोणी वरून सुटकेस ओढत नसते. २ जानेवारी २०२४ ले टोकियोच्या हानेदाले जपान एअरलाइन्सचं विमान रनवेवर दुसऱ्या विमानाले धडकून पेटलं, ३७९ च्या ३७९ जण बाहेर आले, सामान सगळं आत जळालं. घसरगुंडीवर बसायचं नाही, उडी मारायची, हात छातीशी, अन् खाली आलं की पळायचं, व्हिडिओ काढत थांबायचं नाही.

उतरल्यावर

पायलट अन् क्रूनं टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या बिघाडाच्या वहीत, नीट लिहावं ही आमची हात जोडून विनंती असते. "स्मेल इन कॉकपिट" एवढंच लिहून गेले तर आम्ही रात्रभर हँगरमध्ये अंधारात चाचपडतो. वर चढताना आला की उतरताना, इंजिनची पॉवर कमी-जास्त केली तेव्हा बदलला का, एपीयू चालू होतं का, कोणता पॅक बंद केल्यावर गेला, मागं केबिनमध्ये होता की फक्त पुढं, आदल्या दिवशी इंजिन धुतलं होतं का. एवढं भेटलं की आम्ही बरोबर त्या इंजिनच्या डक्टमध्ये पांढरं कापड फिरवतो, तेलाचा डाग सापडते, मग पॅक गरम चालवून आत चिकटलेलं तेल जाळून काढतो. नाहीतर तेच विमान दुसऱ्या दिवशी परत तोच वास घेऊन येते.

पॅसेंजरले धूर छातीत गेला असंल तर त्याच दिवशी डॉक्टरले दाखवा, विमानतळावरच डॉक्टर असते. घरी जाऊन पाहू म्हटलं अन् बसनं आर्वी नाहीतर दारव्ह्याले पोचेपर्यंत रक्तातलं कार्बन मोनॉक्साईड बरंच उतरून जाते, मग टेस्टमध्ये खरं किती होतं ते दिसत नाही. नुसतं डोकं दुखते असं सांगू नका, विमानात धूर नाकात गेला, इतका वेळ होता, असा वास होता, असं सांगा. आवाज बसला, खोकल्यात काळं आलं, दम लागून राहिला तर ॲडमिट करा म्हणा. बोर्डिंग पास फेकू नका, सीट नंबर त्यावर असते, अन् तपास करणाऱ्यांनी विचारलं तर वास कुठून आला ते त्यावरूनच सांगता येते.